तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाळ्यात कंपनीत जाऊन पोरगं काय शिकणार?

माझं नोकरीचं बहुतेक आयुष्य हिंगणा एमआयडीसीत, क्वालिटी विभागात गेलं. त्यामुळे परीक्षा जवळ आल्या की ओळखीचे पालक गाठतात. "भाऊ, पोरगं मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाले आहे. दीड महिना कंपनीत जाऊन काय शिकून राहिलं ते? त्यापेक्षा गेटचा क्लास बरा न?"

गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, क्लास पुढेही लावता येईल. नागपूरचा मे महिना मात्र त्याने शेडमध्ये काढावा, असं मी सांगतो. पालकांना वाटतं, मी थट्टा करतोय.

कॉलेजात 'लिमिट्स अँड फिट्स' शिकवतात, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा हिशोब. २५ मिलिमीटरचं एच-७ दर्जाचं भोक म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमधलं. पोरं तक्ता बघून उत्तर काढतात आणि पूर्ण मार्क घेतात. पण ही मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, हे त्या तक्त्यात कुठेतरी बारीक अक्षरात असतं. आपल्याकडे पत्र्याखाली ४५ अंश. जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, ॲल्युमिनियमचा; भोक तपासायचा दांडा, म्हणजे प्लग गेज, स्टीलचा. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. या २५ अंशांच्या फरकाने भोक १४ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं होतं, गेज फक्त ७ मायक्रॉनने. म्हणजे २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सपैकी, चालणाऱ्या फरकापैकी, एक तृतीयांश उन्हाळ्यानेच खाल्ला! इथे 'गो' गेज, म्हणजे भोकात जायलाच हवं ते टोक, जेमतेम आत गेलं तरी गिऱ्हाइकाच्या एसी खोलीत ते अडतं आणि माल परत येतो. मशीनवरचा दहावी पास ऑपरेटर म्हणतो, "जॉब थंडा होऊ द्या साहेब, मग मोजा." त्याला प्रसरणाचा गुणांक माहीत नसतो. पोराला माहीत असतो, पण तो इथे लावायचा हे सुचत नाही. दोघं एका टेबलापाशी उभे राहतात तेव्हा दोघांचंही भलं होतं, जास्त पोराचंच.

आता कंपनी कोणती? इथे माझं बऱ्याच पालकांशी पटत नाही. त्यांना मोठं नाव हवं असतं. मोठ्या कारखान्यात पोरगं बहुतेक वेळा पाहुणा असतं: हेल्मेट घालून फेरी, एक प्रेझेंटेशन, सर्टिफिकेट. त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या पंचवीस-तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये पाठवा. तिथे हात कमीच असतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पोराच्या हातात माप घ्यायचा व्हर्नियर येतो. एखाद्या टॉलरन्समुळे खर्च किती वाढतो, हेही तिथे मालकाच्या तोंडून ऐकायला मिळतं, कधी शिव्यांसकट.

अप्रेंटिसशिप वेगळी, तिची गल्लत करू नका. ती १९६१ च्या कायद्याखाली, पदवीनंतर साधारण वर्षभराची असते आणि तिला स्टायपेंड असतो. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला पैसे मिळतीलच असं नाही. पण पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट देणारे भेटले, तर तिथून उठून या.

वर्कशॉप शोधताना ई-मेलची वाट बघू नका. कॉलेजचं पत्र घेऊन पोराला स्वतःला जाऊ द्या, तुम्ही बाहेरही थांबू नका. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कोणी उभं करणार नाही. सेफ्टी शूज घरूनच घ्या; छोट्या वर्कशॉपमध्ये पाहुण्याच्या मापाचे नसतात.