पाचवीतून सहावीत जाताना: आमच्या सुट्टीतल्या वाचनाचा अनुभव

माझ्या मुलाचं पाचवीपर्यंतचं शिक्षण गावातल्या झेडपीच्या शाळेत झालं. बाईंनी वाचायला उत्तम शिकवलं होतं, जोडाक्षराला तो कधी अडत नसे. यंदा सहावीसाठी वाईतल्या हायस्कूलला घालायचं ठरलं आणि शेजारच्या मुलीची सहावीची पुस्तकं मी चाळायला आणली. पाचवीपर्यंत जो परिसर अभ्यास असतो, त्याची सहावीत तीन पुस्तकं होतात: सामान्य विज्ञान, भूगोल, आणि इतिहास व नागरिकशास्त्र. परिच्छेद लांब, गोष्ट कमी, माहिती जास्त. शिक्षण हक्क कायद्यातही सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक असा वेगळा टप्पा धरलाय, आणि पुस्तकं हातात घेतली की तो का वेगळा धरलाय ते कळतं. माझ्या लेकाला अक्षरं येत होती, पण सलग दहा पानं बसून वाचायची सवय नव्हती. सुट्टीत तेवढंच करायचं ठरवलं. अभ्यासाचे क्लास नकोत, पाठांतर नको, फक्त लांब वाचायची सवय.

सुट्टी लागल्या लागल्या त्याला तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाचं सभासद केलं. अनामत भरली, एक फोटो दिला, कार्ड मिळालं. ज्यांना हे करायचंय त्यांनी एप्रिलमध्येच करावं. मे उजाडला की चांगली पुस्तकं सगळी बाहेर गेलेली असतात. ग्रंथपाल ताईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला बोलावून सांगितलं, "तुम्ही इकडं बसा. त्याला कपाटापाशी एकट्याला सोडा." मी बसले. त्यानं बराच वेळ लावून तीन पुस्तकं आणली, तिन्ही पातळ, मोठ्या टायपाची, दुसरी-तिसरीच्या पोरांची. ताईंनी काही न बोलता त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि चौथं पुस्तक स्वतः काढून दिलं, 'फुरसुंगीचा फास्टर फेणे'.

घरी आल्यावर तीन पुस्तकं संध्याकाळपर्यंत संपली. चौथं उघडून त्यानं पानं भराभर उलटली आणि विचारलं, "आई, यात सगळं लिहिलेलंच आहे?"

इथं ताईंनी सांगितलेली एक युक्ती कामाला आली. कुठलंही एक पान वाचायचं आणि अर्थ न कळलेला शब्द आला की एक बोट मिटायचं. पानाच्या शेवटी पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या अवघड आहे, ते ठेवून द्यायचं. दोन-तीन मिटली तर अगदी योग्य. भा. रा. भागवतांच्या त्या पानावर त्याची तीन बोटं मिटली. म्हणजे पुस्तक त्याच्या आवाक्यातलं होतं, फक्त भरगच्च पानाची धास्ती होती.

मग मी वाचून दाखवायला सुरुवात केली. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं याच बाबतीत आहे. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो. पहिली-दुसरीत मांडीवर घेऊन गोष्टी सांगतो आणि नेमकं पुस्तकं जड व्हायला लागली की त्याला एकट्याला सोडतो. लांब गोष्टीची पहिली पंधरा-वीस पानं सगळ्यात कठीण असतात. माणसं नवी, जागा नवी, कोण कुणाचा कोण ते कळत नाही. तेवढा भाग मोठ्या माणसानं आवाज देऊन पार करून दिला की पुढं मूल आपलं आपण जातं. रात्री जेवणं झाली की गच्चीवर चटई टाकायची आणि मी वाचायचं, असा आमचा क्रम ठरला. बनेशचं, म्हणजे फास्टर फेणेचं, ते 'ट्टॉक' मी पहिल्यांदा केलं तेव्हा तो खदाखदा हसला आणि पुढचा 'ट्टॉक' आला की तोच करणार असं ठरवून टाकलं. त्यासाठी तो माझ्या खांद्यावरून पानात बघायला लागला. मी मुद्दाम सावकाश वाचायचे, म्हणजे त्याचे डोळे माझ्या पुढं धावायचे. एका रात्री ऐन रंगात आलेल्या जागी मी पुस्तक मिटलं, "झोप आली रे, उद्या" म्हणाले आणि पुस्तक त्याच्या उशाशी ठेवलं. सकाळी चहाच्या वेळी त्यानंच मला पुढचं सगळं सांगितलं.

'श्यामची आई' आजीनं घेतलं. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र आहे, त्यामुळं रोज एकेक वाचायला ते बरं पडतं. कोकणातलं जुनं घर, सोवळंओवळं, सावकार हे सगळं त्याला नवं होतं. आजी मध्येच थांबून सांगायची, "आमच्या वेळी असंच असायचं रे बाळा." त्याच दिवसांत त्याचे बाबा त्याला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवत होते. पाठीला डबा बांधून कडेला उभा राहायचा आणि उडी काही मारायचा नाही. पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारत विहिरीवर पाठवते, ती रात्र आली तेव्हा लेक उठून बसला. "त्याला पण भीती वाटायची?" एवढंच विचारलं, आणि ते प्रकरण आजीकडून परत वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर काय झालं ते बापलेकांनी मला सांगितलं नाही, पण घरी आला तेव्हा केस ओले होते.

गोष्टींचं असं मार्गी लागलं. माहितीच्या वाचनाला जरा जास्त डोकं लावावं लागलं, आणि सहावीत खरी गरज त्याचीच. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईतूनच उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या काळापासून. तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण अख्खी नोंद मुलापुढं टाकून उपयोग नाही, ती मोठ्यांसाठी लिहिलेली असते. घरात आंब्याची पेटी आली होती, म्हणून आम्ही 'आंबा' ही नोंद काढली आणि दोघांनी मिळून तिचे फक्त दोन परिच्छेद वाचले. प्रत्येक वाक्यानंतर थांबून "म्हणजे काय?" असं तो विचारणार आणि मी सांगणार, मग दुसऱ्या वाक्याला मी विचारणार आणि तो सांगणार. मँजिफेरा इंडिका हे शास्त्रीय नाव त्यानं पेनानं पेटीवर लिहून काढलं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, हे कळल्यावर तर तो दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटला. आजीला बिब्बा माहीत होता, काजू त्याचा भाऊबंद हे तिलाही नवीनच होतं. त्यानंतर रोज एक गोष्ट शोधायची: विंचू, वड, पाऊस. दोन परिच्छेदांच्या पुढं मी कधी ओढलं नाही.

'किशोर'चे जुने अंकही फार उपयोगी पडले. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मोबाइलवर वाचायला दिलं की बोट दुसरीकडंच जातं, म्हणून निवडक पानांची झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि दाभणानं टाके घालून वही केली. ती वही पाहुण्यांच्या मुलांनीही वाचून पार मऊ केली.

मेच्या शेवटी भिलारला जाऊन आलो. पाचगणीच्या पुढचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत विषयवार कपाटं आहेत, हवं ते काढायचं आणि बसून वाचायचं, पैसे नाहीत. पुस्तक घरी नेता येत नाही, आणि मुलांच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे, कारण तिथंच बसावं लागतं. आमचा मुलगा एका घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला आणि जेवायला हाक मारली तरी उठेना. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो.

'एक होता कार्व्हर' मात्र निम्म्यावर राहिलं. कार्व्हर या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचं वीणा गवाणकरांनी लिहिलेलं हे चरित्र मला स्वतःला फार प्रिय, पण त्याला ते यंदा पेललं नाही. त्यातली भुईमुगावरची पानं त्यानं आवडीनं वाचली आणि पुढं खूण घालून ठेवून दिलं. मी आग्रह केला नाही.

शाळा सुरू होऊन आता महिना होत आला. भूगोलाचा पहिला धडा सरांनी शिकवायच्या आधीच त्यानं वाचला होता. इतिहासाला अजून कंटाळतो, म्हणून रविवारी तो धडा आम्ही दोघं आळीपाळीनं मोठ्यानं वाचतो, एक परिच्छेद त्याचा, एक माझा. वाचनालयाचं कार्ड चालू ठेवलंय. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा एसटीची वेळ होईपर्यंत तो बालविभागातच बसतो. 'किशोर'चा दिवाळी अंक मागवायचाय, आणि कार्व्हरचा उरलेला भाग दिवाळीच्या सुट्टीत मी वाचून दाखवणार आहे.