फिनिक्सच्या परसात चोपणीचं काम

आमच्या आजोळी, संगमेश्वरकडे, पाऊस सरला की अंगण नव्याने करत. खणायचं, माती घालायची, पाणी मारायचं आणि मग चोपण्याने चोपत बसायचं. ‘चोपणी कमी पडली तर अंगण उखणतं,’ असं आजी सांगायची. अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, परसात कृत्रिम हिरवळ घालायला निघाल्यावर तिचं हे वाक्य रोज आठवतंय.

दोन वर्षांपूर्वी घराच्या बाजूला एक छोटा पट्टा घातला होता. माती सारखी केली आणि वर हिरवळ पसरली, बस्स. इथला मान्सून 15 जून ते 30 सप्टेंबर. पाऊस थोडाच, पण कोसळतो तेव्हा धो धो. पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्याला खड्डे पडले, कडा उचलल्या. हिरवळ चांगली होती, खालचं काम कच्चं होतं.

या वेळी म्हणून सगळा हिशेब खालून वर. इथे मातीखाली कॅलिची नावाचा चुनखडीचा टणक थर असतो, त्यातून पाणी मुरत नाही. त्यामुळे ढाळ हवाच: घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना दीड-दोन इंच. चार इंच खणून त्यात चुरी मिसळलेली बारीक खडी, दाबून तीन इंच होईल इतकी. ती एकदम ओतायची नाही. दीड-दीड इंचाचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी आणि भाड्याने आणलेला प्लेट कॉम्पॅक्टर. मशीन धडधडतं, पण काम चोपण्याचंच.

रोल 15 फूट रुंद मिळतो. म्हणून जागाच 24 बाय साडेचौदा फुटांची आखली. मध्ये जोड नको. कृत्रिम हिरवळ बिघडते ती बहुधा जोडावर आणि कडेला. कडेने दर सहा इंचांवर खिळा, आणि ठोकताना पाती खिळ्याखाली दबू द्यायची नाहीत. रोल आधी दोन-तीन तास उन्हात पसरून ठेवायचा, सुरकुत्या जातात. शेवटी पात्यांच्या मुळाशी सिलिका वाळू, जवळपास 240 किलो. तिच्या वजनाने हिरवळ जागेवर राहते आणि पाती उभी राहतात.

उन्हाचं मात्र स्पष्ट सांगते. 2023 साली फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर गेला होता. अशा दुपारी ही हिरवळ 65 अंशांच्याही वर तापते, मुलांच्या पायांना चटका बसतो. म्हणून जागा पूर्वेकडची निवडली. दुपारनंतर तिथे घराची सावली येते. शेजारच्यांच्या खिडकीच्या काचांवरून परतणारं ऊन कुठे पडतं, तेही आठवडाभर पाहिलं. उष्णता परतवणाऱ्या काचांमुळे ऊन एका जागी एकवटलं तर पाती अक्षरशः वितळतात.

खणण्याआधी 811 या हेल्पलाइनला फोन करायचा. त्यांची माणसं फुकट येऊन जमिनीखालच्या वाहिन्या रंगाने आखून देतात: लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची. मीटरच्या पुढची घरची लाइन मात्र त्यांच्या कामात येत नाही. आमच्या ठिबकच्या नळ्या मी आणि नवऱ्याने हातकुदळीने उकरून शोधल्या आणि कडेला वळवल्या. परवा ट्रकभर खडी येतेय, साडेचार टन. शनिवारी सकाळी सहाला खणायला सुरुवात.