खाडीतला गाळ, गादे आणि ७५ डेसिबल

खाडीतला गाळ काढायच्या प्रस्तावाची फाईल तिसऱ्यांदा परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: "ध्वनी पातळी विहित मर्यादेपेक्षा जास्त. खुलासा करावा." तो कागद हातात धरून मी कार्यालयाच्या जिन्यात बसले. रडू येत होतं आणि तिथे रडायचं नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीवरचा माहिती अधिकाराचा फलक वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील, तरी "खुलासा करावा" हे शब्द दिसले की कानाची पाळी गरम होते. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. ज्यांनी अशा फायली फिरवल्यात त्यांना जिना ओळखू येईलच.

मी सागरी जीवशास्त्राची. कोकणातल्या एका खाडीच्या मुखाशी वाळू साचून साचून आडवा दांडा तयार झाला होता. ओहोटीला ट्रॉलर आत यायचेच नाहीत, बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघायचे. म्हणून मुखाशी ड्रेजर लावून गाळ काढायचा आणि रस्ता खोल करायचा, असा प्रस्ताव होता. त्याच्या पर्यावरण अहवालात माझ्या वाट्याला एकच प्रकरण आलं, सागरी सस्तन प्राणी. म्हणजे मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन, ज्याला आपले मच्छीमार गादा म्हणतात. टीम चार माणसांची. पाण्याखालच्या आवाजावर पहिला प्रश्न आला आणि तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तिथून फाईल माझ्या गळ्यात पडली ती पडलीच.

बाकीचं सगळं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, १:४००० चे नकाशे, भरतीरेषा, ओहोटीरेषा, गाळाची तपासणी, काढलेला गाळ टाकायचा कुठे, समितीपुढचं सादरीकरण, हे मला धड आठवतही नाही. त्या अर्थी ते सुरळीत झालं असावं. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. ठेकेदार म्हणत होता की हे देखभालीचं काम दाखवा, परवानगीच लागणार नाही. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेत देखभालीच्या गाळउपशाला सूट आहे हे खरं, पण ते काम मूळ प्रस्तावात असेल आणि त्या प्रस्तावाला मंजुरी मिळालेली असेल तरच. आमच्या खाडीत मुळात कधी ड्रेजिंग झालंच नव्हतं. जे कधी केलंच नाही त्याची देखभाल कसली? तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

गादा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या यादीत वाघही आहे. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. तरी पहिल्याच भेटीत, फाईल ज्यांच्या टेबलावर होती त्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, डॉल्फिन गंगेत असतात ना? आपल्याकडे कुठले?" गंगेतला डॉल्फिन २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे, तो गोड्या पाण्यातला, हा किनाऱ्यालगतचा, वगैरे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

आता तो रकाना. अर्जाच्या नमुन्यात आवाज आणि कंपनांसाठी जागा असते. तिथे सगळे काय लिहितात? जनरेटरचा, डंपरचा, पंपाचा आवाज किती, तो औद्योगिक क्षेत्राच्या दिवसाच्या ७५ डेसिबलच्या आत आहे की नाही, झालं. ही मर्यादा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतली आहे. ती माणसाच्या कानासाठी आणि हवेतल्या आवाजासाठी आहे. मी तिथे ड्रेजरचा पाण्याखालचा आवाज लिहिला, यंत्रापासून १ मीटरवर १७० डेसिबल. अशा यंत्रांच्या प्रसिद्ध मोजण्या साधारण १६८ ते १८६ मध्ये येतात, त्यातला आमच्या छोट्या कटर सक्शन ड्रेजरला, म्हणजे तळ कापून गाळ शोषून घेणाऱ्या यंत्राला, शोभेल असा आकडा.

पहिल्यांदा फाईल परत आली ती "१७० ऐवजी ७० असावे, टंकलेखनातील चूक दुरुस्त करावी" असा शेरा घेऊन. मी हसले. दुरुस्ती नाही, चूक नाही, असं पत्र दिलं. दुसऱ्यांदा शेरा आला की १७० डेसिबलला कामगारांचे कान फुटतील, त्यांच्या संरक्षणाची योजना जोडावी. तेव्हाही थोडं हसले. कामगार पाण्याखाली नसतात, असं पत्र दिलं. एकेका फेरीला तीन ते चार आठवडे जात होते. इकडे हंगाम सरत होता, कारण पावसाळ्यात मुखाशी ड्रेजर उभाच राहू शकत नाही. तिसऱ्या वेळी तो लाल पेन.

गणित अवघड नाही. डेसिबल हे माप नव्हे, तुलना आहे. मायक्रोपास्कल हे दाबाचं एकक; हवेत तुलना २० मायक्रोपास्कलशी करतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलशी. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट, आवाज त्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. त्याचे आणखी साधारण ३६. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा केले की हवेतल्याशी ढोबळ तुलना होते. १७० चे १०८. तेही कमी नाहीत, पण कान फुटण्याची भाषा तिथे उरत नाही. हे मी साहेबांना कागदावर वजाबाकी करून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे १०८. तरी ७५ च्या वरच की."

मी गप्प झाले.

मग त्यांनी समजुतीच्या सुरात तोडगा सुचवला. आकडा काढून टाका. "ध्वनी पातळी मानकांच्या आत राहील" एवढं लिहा, मी आज पुढे पाठवतो. खरं सांगते, पाच मिनिटं मोह झाला. ठेकेदार बाहेर गाडीत बसला होता. पण आकडा गेला की त्यावर उभं असलेलं सगळंच जातं. सतत चालणाऱ्या आवाजासाठी अमेरिकेची सागरी मत्स्यसेवा १२० डेसिबल धरते, त्याच्या वर सागरी सस्तन प्राणी वागणूक बदलू शकतात म्हणून. आम्ही तोच उंबरठा घेतला होता. उथळ पाण्यासाठी सर्रास वापरतात त्या सूत्राने १७० चे १२० व्हायला सुमारे २,१५० मीटर लागतात. आमच्या खाडीचं मुख ३०० मीटर रुंद. ड्रेजर चालू असताना मुख या काठापासून त्या काठापर्यंत आवाजाने भरलेलं, आणि गाद्यांना आत यायला दुसरी वाट नाही. १७० काढले की गादे येतात त्या वेळी यंत्र थांबवून ठेवायला सांगण्याचा आधारच संपला.

सुटका केली ती शिपायाने. चहाचे कप गोळा करायला आलेले मामा दारातच उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, लहानपणी विहिरीत पोहलाय ना तुम्ही? बुडी मारायची आणि खाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. पलीकडच्या कोपऱ्यातल्याच्या डोक्यात वाजतं. वर काठावरच्याला काही पत्ता नसतो." साहेब क्षणभर थांबले. मग म्हणाले, "हां, आम्ही पैजा लावायचो." चार महिने मी मायक्रोपास्कल सांगत होते.

तरी फाईल लगेच हलली असं समजू नका. समजलं ते साहेबांना, कागदाला नाही. "तज्ज्ञाचं पत्र आणा, गोल शिक्क्यासह." माझ्या जुन्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी अर्धं पान लिहून दिलं, हवा आणि पाणी यांच्या डेसिबलची थेट तुलना करू नये. शिक्का मारायला प्राचार्य जागेवर नव्हते, त्यात आणखी ११ दिवस गेले. ते अर्धं पान लागलं आणि फाईल तीन दिवसांत पुढे गेली.

आणि आता माझी चूक, जी मी टीमला बरेच दिवस सांगितली नव्हती. पहिल्या मसुद्यात मी नुसतं "१७० डेसिबल" लिहिलं होतं. कशाच्या तुलनेत, किती अंतरावर, काही नाही. आमच्यात सगळ्यांना ते गृहीतच असतं ना. तुम्ही लिहाल तेव्हा पूर्ण लिहा, "१ मायक्रोपास्कलच्या तुलनेत, १ मीटर अंतरावर", आणि शेजारी हवेचा वेगळा रकाना आखा, त्यात जेट्टीवर मोजलेला आवाज टाका. रिकामा रकाना दिसला की तिथे कोणीतरी स्वतःचा आकडा भरतं. हो, आणि प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक क्रमांकासह. आमचं दुसरं पत्र "मिळालंच नाही" असं म्हणाले होते, पोच दाखवली तेव्हा ते त्याच टेबलाच्या खणात सापडलं.

पाहणीबद्दल आधीच सांगायला हवं होतं. मी सुरुवातीला पाहणीच्या वेळा ठरवल्या त्या सकाळी ७ ते १०, कार्यालयीन शहाणपणाने. पहिले चार दिवस दोन वेळा गादे दिसले, दोन वेळा काहीच नाही. आमच्या होडीचे तांडेल काका हसायला लागले. "गो बाय, गादो भरतीबरोबर येता नि सुकतीबरोबर जाता. तेका तुझा घड्याळ काय म्हायत?" भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. पुढची पाहणी भरतीच्या कोष्टकावर बेतली, उधाणाचे म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस वेगळे, भांगाचे म्हणजे लहान भरतीचे वेगळे, आणि नोंदवहीत एकदम आकार दिसायला लागला. मुखापाशी भरतीच्या पहिल्या दोन तासांत पाठीवरचं ते कुबड आणि त्यावरचा बसका पर, एकामागे एक, कधी सोबत पिल्लू.

त्यामुळे अटींमध्ये आम्ही वेळ लिहिली नाही, भरती लिहिली. भरतीचे पहिले दोन तास ड्रेजर बंद. बाकी वेळी सुरू करण्याआधी ३० मिनिटं निरीक्षण, ५०० मीटरच्या आत गादा दिसला तर तो गेल्यावर २० मिनिटं थांबायचं. हे आकडे जेएनसीसी या ब्रिटनच्या निसर्ग संवर्धन सल्लागार संस्थेने पाण्यात खांब ठोकण्याच्या कामासाठी घातलेल्या पद्धतीतून उसने घेतले. रात्री काम नाही, कारण अंधारात निरीक्षक काय बघणार? यातली पळवाटही मला ठाऊक आहे. यंत्र एकदा सुरू झाल्यावर गादा आला तर त्या पद्धतीत थांबवायची सक्ती नाही. आम्ही थांबवायची अट मागितली होती, ती अंतिम पत्रात आली नाही. निरीक्षक ड्रेजरवर बसवू नका, तिथून पाणी चकाकतं आणि सुपरवायझर डोक्यावर उभा असतो. आम्ही मुखाच्या टेकाडावर जागा घेतली.

काम सुरू झालं त्या सकाळी मी त्या टेकाडावर होते. यंत्र सुरू व्हायच्या बेतात होतं, आणि ६ वाजून ४० मिनिटांनी दोन गादे दक्षिणेच्या खडपाकडून आले. मी वॉकीटॉकीवर थांबा म्हटलं. पलीकडून सुपरवायझर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. ते दोघं मुखात जवळजवळ अर्धा तास रेंगाळले, मासे होते बहुतेक, मग आत गेले. यंत्र ७ वाजून ३५ मिनिटांनी सुरू झालं. ठेकेदाराच्या हिशोबात ५५ मिनिटांचं डिझेल वाचलं होतं, पण तसं त्याने म्हटलं नाही.

डिसेंबरच्या सहामाही अनुपालन अहवालासाठी त्याच कार्यालयातून नमुना आला. साहेब बदलून गेले होते. आवाजाचा रकाना एकच, आणि त्यासमोर छापलेलं, "कमाल मर्यादा ७५". मी सरांच्या पत्राच्या पाच झेरॉक्स काढून आणल्या.