डोक्यावर उपडी कुंडी

डेव्हो हा ऐकण्याआधी बघायचा अमेरिकन बँड, असं माझं ठाम मत. 1980 च्या 'व्हिप इट' या गाण्याच्या व्हिडिओत काळे बिनबाह्यांचे टीशर्ट, डोक्यावर लाल प्लास्टिकची पायऱ्यापायऱ्यांची टोपी आणि चेहरे मख्ख. आमची ही म्हणाली, "कुंडी उपडी घातलीय का?" त्याआधीचे पिवळे सूट तर थेट कारखान्यातले, रसायनांपासून बचावाचे. मंडळी ओहायोतल्या ॲक्रनची, म्हणजे टायरच्या गावची!

तरी हा नुसता वात्रटपणा नव्हे. 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले, तेव्हा बँडमधला जेरी कसाल तिथेच होता. उत्क्रांती उलटी फिरून माणूस मागे मागे चाललाय, ही बँडची थट्टा त्यानंतर कडवट झाली. ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडचे व्हिडिओतले यॉटवरचे सूट देखणे, कबूल. मला मात्र कुंडीच हवी.