फ्लॅग राहिला, चौकशी केव्हाच संपलेली

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये आमचं ऑफिस आहे, एका ब्रिटिश इन्शुरन्स कंपनीचं बॅक ऑफिस, आणि आमची टीम डीसार बघते, म्हणजे तिकडचा ग्राहक लिहितो की तुमच्याकडे माझी जी काही माहिती असेल ती सगळी मला द्या आणि कंपनीला साधारण महिन्याभरात ती द्यावी लागते. बाहेरच्यांना वाटतं प्रिंट काढून पाठवायचे, झालं. खरं डोकं लागतं ते काय द्यायचं नाही हे ठरवायला, आणि तेही कोणाच्या मर्जीने नाही, यूकेच्या 2018 च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये शेड्यूल 2 आहे, म्हणजे माहिती न देण्याच्या सवलतींची, एक्झेम्प्शन्सची यादी, त्यात बसेल तेवढंच.

तर त्या दिवशीची फाइल लीड्सच्या एका माणसाची होती. गाडीला ॲक्सिडेंट, मानेला दुखापत, क्लेम टाकलेला आणि पैसे कित्येक महिने अडकलेले, फोन केला की "रिव्ह्यू चालू आहे" एवढंच ऐकायला मिळायचं, शेवटी वैतागून त्याने डीसार टाकला. फाइल उघडली तर वरच लाल फ्रॉड फ्लॅग, म्हणजे फसवणुकीचा संशय असल्याची खूण. डेडलाइन अगदी तोंडावर आलेली, टीम लीड म्हणाला, "फ्लॅग आहे ना, मग क्राइमचं एक्झेम्प्शन लाव, नकाराचं लेटर पाठव आणि क्लोज कर."

मी म्हटलं असं नाही करता येणार. ते एक्झेम्प्शन फाइलला लागतच नाही, माहिती दिल्याने तपासाला जिथे खरंच धक्का बसेल असं दिसतं तेवढ्याच भागाला लागतं. म्हणजे पान पान बघावं लागतं. त्याचे स्वतःचे कॉल रेकॉर्डिंग, त्याच्याच डॉक्टरचा रिपोर्ट, हे दिल्याने कोणाचं काय बिघडणार? द्यायचं. वकिलांचे सल्ल्याचे ईमेल नाही द्यायचे, त्याला वेगळं एक्झेम्प्शन आहे. कितीवर सेटल करायचं याचा कंपनीचा आतला आकडा, तोही बोलणी चालू असेपर्यंत झाकता येतो, नाहीतर समोरचा तोच आकडा धरून बसेल, हे मला पटतं. आणि खरा तपास चालू असताना तपासाची नोट हातात पडली तर कागद गायब करणारी माणसंही असतात, त्यामुळे एक्झेम्प्शन असूच नयेत असं मी कधीच म्हणणार नाही.

मग फ्रॉड युनिटची नोट वाचायला घेतली, आणि शेवटपर्यंत वाचली म्हणून कळलं. फ्लॅग का लागला, तर त्याच पत्त्यावर आधी एक संशयास्पद क्लेम झालेला. नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, तो याच्या आधीचा भाडेकरू होता! युनिटने तपासून लिहूनही ठेवलं होतं की काही संबंध नाही, चौकशी बंद. फक्त सिस्टममधला फ्लॅग कोणी काढला नाही, आणि जो नवीन हँडलर फाइल उघडेल तो लाल रंग बघून पेमेंट थांबवत राहिला.

चौकशीच संपली तर धक्का कशाला बसणार, म्हणजे त्या नोटपुरतं एक्झेम्प्शनही संपलं. लंडनच्या प्रायव्हसी टीमला कॉल लावला, त्यांनाही पटलं, फ्लॅग काढायला लावला आणि आधीच्या भाडेकरूची सगळी माहिती काळी करून नोट त्या माणसाला गेली. ते नकाराचं लेटर गेलं असतं तर? चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्याला कायद्याने आहे, पण जे दिसतच नाही ते दुरुस्त करा म्हणून कोण कसं सांगणार. आयसीओकडे, म्हणजे तिकडच्या डेटा प्रोटेक्शनच्या नियामकाकडे, तक्रार करता आली असती, पण तोवर अजून काही महिने गेले असते.

ब्रेकला कँटीनमध्ये शेजारच्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "अगं माझं लोन रिजेक्ट झालं, कारण सांगत नाहीत, आपल्याकडे मागता येतं का असं?" आपला 2023 चा डीपीडीपी, म्हणजे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहे, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, माहिती बघायचे आणि दुरुस्त करायचे हक्क त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. पण कलम 17 वाचा. गुन्हा शोधण्यासाठी किंवा तपासासाठी डेटा वापरला जात असेल तर हे दोन्ही हक्क बाजूला, डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी राहते. माहिती दिल्याने तपासाला खरंच धक्का बसतो का, हे त्या वाक्यात विचारलेलंच नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. लीड्सच्या माणसाची फाइल आमच्या मालाडच्या स्क्रीनवर, तो परदेशातला आणि काँट्रॅक्टही परदेशी कंपनीशी, म्हणून आपल्या कायद्यातले हक्क त्याला नाहीत, पण त्याच्या देशाचा कायदा पान पान बघायला लावतो. शेजारी बसलेल्या आमच्याच माणसावर उद्या असा फ्लॅग लागला तर त्याच्यासाठी ते कोण बघणार?

त्याला म्हटलं तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस, लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात चूक दिसली तर तक्रार टाक, 30 दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ब्रेक संपायच्या आत तिथेच मोबाइलवर लॉगिन करायला लावलं त्याला.