पेनल्टी परत

मे 2015. ग्रामपंचायतीच्या मतदानाला आठवडाही उरला नव्हता आणि मी बेळगावात एका फुटबॉल फायनलला रेफ्री होतो. मी स्वतः उमेदवार. त्यातला एक संघ आमच्याच वॉर्डातला, हे आदल्या रात्री कळलं. तेव्हाच फोन करून 'दुसरा माणूस बघा' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, ती चूक माझीच.

दुपारी वळवानं मैदान झोडपलेलं. फक्कीच्या रेषा लाल चिखलात गेलेल्या, गोलरेषा तेवढी आयोजकांनी परत मारून घेतली होती.

शेवटच्या मिनिटाला आमची पोरं 1-0 पुढं. बचावपटूच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी दिली. कीपर एकोणीस वर्षांचा, आमच्या समोरच्या गल्लीतला. त्यानं उजवीकडं झेप घेऊन चेंडू बाहेर काढला. हलगी सुरू झाली, पोरं मैदानात घुसली. आणि मी शिट्टी मारली. पेनल्टी परत!

2019 पासून कीपरचा एक पाय रेषेवर असला तरी चालतं. तेव्हा फटका बसेपर्यंत रेषा सोडायचीच नाही असा नियम होता. हा दोन पावलं पुढं आलेला. लाल चिखलात रेषेपुढं त्याच्या बुटांचे पांढरे ठसे उमटले होते. मी बोटानं दाखवले. बघतंय कोण?

दुसऱ्यांदा गोल झाला, मग टायब्रेकरमध्ये आमची पोरं हरली. गाडीवर बसताना माझ्या प्रचाराचा दोस्त एवढंच म्हणाला, "आता पत्रकं वाटू काय पेटवू?"

मी 19 मतांनी पडलो. 2020 ला निवडून आलो, पण शिट्टी सोडली नाही. पंचायतीची बैठक बुडवून मॅचला जातो म्हणून बोलणी खातो. स्कॉटलंडचे डग्लस रॉस 2017 मध्ये खासदार असताना संसदेतली चर्चा सोडून बार्सिलोनाच्या मॅचला झेंडा धरायला गेले आणि तिकडं गदारोळ झाला, हे वाचून मला जरा बरं वाटलेलं.

पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कीपरची आई नळावर भेटली. मी मान खाली घालून निघालो होतो.

"पोरगं घरात म्हणालंय, पुढं आलतो म्हणून," ती म्हणाली. कळशी कमरेवर घेतली आणि जाता जाता वळून, "पण मत काय दिलो नाही बघ आम्ही."