दार तर जवळच होतं

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात मी गाइड आहे. त्या दिवशी सातवी-आठवीच्या मुलांची सहल होती. लँकॅस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला: बॉम्ब कुठे ठेवायचे? आमच्या लँकॅस्टरवर व्हीआर-ए अशी अक्षरं आहेत. विनिपेगच्या अँड्र्यू मिनार्स्कीच्या विमानावर हीच अक्षरं होती, म्हणून त्याची गोष्ट सांगायला घेतली.

१९४४ सालच्या जूनची १२-१३ची रात्र. मित्रसैन्य नॉर्मंडीत उतरून आठवडा होत आला होता. मिनार्स्कीच्या विमानातली मंडळी फ्रान्समधलं कांब्रेचं रेल्वे यार्ड फोडायला निघाली होती. वाटेत जर्मन विमानाने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली. वैमानिकाने उड्या मारायला सांगितलं.

"दार कुठे होतं?" एका मुलीने विचारलं.

मी दाखवलं. उजव्या अंगाला, शेपटीकडे. मिनार्स्की वरच्या टरेटमधला, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटातला गनर, म्हणून दार त्याच्यापासून चार पावलांवर. तो दारापर्यंत आला, उडी मारणार तोच मागच्या टरेटमध्ये तिथला गनर पॅट ब्रॉफी अडकलेला दिसला. ते टरेट हायड्रॉलिकवर, म्हणजे द्रवाच्या दाबावर फिरायचं. दाब गेला, टरेट जाम झालं. हाताने फिरवायचा दांडाही मोडला. मिनार्स्की आगीतून रांगत गेला. कुऱ्हाड चालवून पाहिली, नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. शेवटी ब्रॉफीनेच त्याला जा म्हणून खुणावलं. कपडे पेटलेले, तरी दाराशी ताठ उभं राहून त्याने सलाम केला आणि उडी मारली. खाली पोचला तेव्हा जिवंत होता, पण भाजल्यामुळे गेला.

"आणि ब्रॉफी?"

वाचला! विमान आपटलं तेव्हा तो बाहेर फेकला गेला. सातांपैकी मेला तो एकटा मिनार्स्कीच. आगीतलं सगळं पाहणारा साक्षीदार होता फक्त ब्रॉफी. त्याने सांगितलं म्हणून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. बाँबर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ५५ हजारांवर लोक मेले. त्यांतल्या कितीजणांचं असं पाहणारं कुणी उरलंच नसेल. खाली शहरं जळाली, माणसं मेली, तेही मी मुलांना सांगते. ते गाळून नुसतं शौर्य सांगणं मला पटत नाही.

"मग मागे जायची गरजच नव्हती," एक मुलगा म्हणाला.

"त्याला काय माहीत होतं?" ती मुलगी त्याच्यावर उखडलीच.

बाईंनी डबे खायला चला म्हणून हाका मारल्या, तरी दोघं भांडतच गेली.